आठ चिपांचं वाळवण

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. आदिलाबादच्या उन्हाचा गुण म्हणा, नाहीतर बापाचा. आणि डोकं तापलं की तोंड सुटतं. एका दिवशी ते अजिबात सुटायला नको होतं, आणि नेमकं त्याच दिवशी ते माझ्या मायवर सुटलं. का, तर तिने धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, वाळवण घातलं म्हणून.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट आहे. कापूस बाजाराच्या रस्त्यावर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर शिकवायचं केंद्र होतं आणि मी तिथे शिकवायची. खोलीत आठ मशीन होत्या आणि कोपऱ्यात नववी, मोठी. ती सर्व्हर. हार्ड डिस्क होती ती फक्त तिलाच. बाकीच्या आठ कोऱ्या डोक्याच्या. बटण दाबलं की त्यांनी वायरीवरून सर्व्हरला हाक मारायची, त्याच्याकडून सगळं मागून घ्यायचं आणि मग कामाला लागायचं. पण हाक कशी मारायची हे तरी त्यांना कोणी सांगायला हवं की नाही? ते सांगणारा इवलासा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. तो ठेवायचा कुठे, यावरून उस्तादांचं आणि माझं दोन वर्षं भांडण चाललं.

उस्ताद म्हणजे आमचे मशीन दुरुस्त करणारे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. पन्नाशीचे, पांढरा सदरा, खिशाला टेस्टर. माझ्याशी बोलायचे दखनीत, मी उत्तर द्यायची मराठीत, आणि भांडताना दोघंही अर्ध्या तेलुगूवर यायचो, कारण शिकायला आलेली पोरं ऐकत असायची आणि त्यांनाही मजा हवी असायची.

मी फ्लॉपीच्या बाजूची. प्रत्येक मशीनला एक फ्लॉपी, तिच्यावर लोडर. सकाळी आठ फ्लॉप्या आठ तोंडांत घालायच्या, बटणं दाबायची. कुरकुर करत तीन मिनिटं घेईल, पण काय चाललंय ते पडद्यावर एकेक ओळ करून दिसतं. कुठे अडलं ते कळतं. बदल करायचा तर फ्लॉपीवर करा, झालं. आणि एकदा मशीन चालू झाली की फ्लॉपी काढून घेतली तरी तिचं काही अडत नाही.

उस्ताद चिपेच्या बाजूचे. नेटवर्क कार्डावर एक रिकामी जागा असते, तिथे लोडर लिहिलेली चिप बसवायची. फ्लॉपी नको, ड्राइव्ह नको, बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात मशीन तयार.

“फ्लॉपी क्या है बेटा, मेहमान है. आज आया, कल नहीं आया,” ते म्हणायचे. “चिप घर का आदमी.”

“घरचा माणूस बिघडला तर?” मी म्हणायची. “मेहमानाला निदान घालवता येतं.”

खरं सांगायचं तर हे भांडण आमच्या रस्त्यानेच निकालात काढलं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की होळीपर्यंत हवेत रुईचे तंतूच तंतू. खिडकीच्या जाळीवर रुई, पंख्याच्या पात्यांवर रुई, माझ्या वेणीत रुई. फ्लॉपी ड्राइव्ह तर उघड्या तोंडाची. उस्ताद आठवड्यातून दोनदा ड्राइव्ह खोलायचे आणि चिमट्याने आतून बोटभर कापूस काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवायचे. त्या हिवाळ्यात मी हरले. चिपा बसल्या, ड्राइव्ह निघाल्या, त्यातल्या सात उस्तादांनी इकडेतिकडे देऊन टाकल्या आणि एक आपल्या दुकानात ठेवली. फ्लॉप्या मी पोरांना सरावाला वाटल्या.

पण त्या पहिल्या चिपेत एक खोड होती. आमच्याकडे करंट दिवसातून चारदा जायचा. सर्व्हरची बॅटरी जुनी, तोही कधीकधी झोपायचा. करंट आला की आठही मशीन एकदम उठायच्या, सर्व्हर मात्र आळस देत पाच मिनिटांनी. तोवर चिपा चार-पाच हाका मारायच्या, उत्तर आलं नाही की रुसून बसायच्या. मग मी खोलीभर फिरून एकेक मशीन बंद करून चालू करायची.

“काय हो उस्ताद,” मी म्हणायची, “घरचा माणूस रुसला वाटतं!” दोन महिने मी हे वाक्य वापरून घेतलं.

शेवटी उस्तादांनी हैदराबादेहून दुसरा लोडर मिळवला, परदेशातल्या कुठल्या पोरांनी लिहून फुकट वाटलेला. तो उत्तर मिळेपर्यंत हाका मारत राहायचा, थकायचाच नाही. तो चिपांवर लिहायचा तर आधीचं पुसायला हवं. आता ही पुसायची रीत ऐका. या चिपेच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. त्या खिडकीतून कडक ऊन आत गेलं की आठ-दहा दिवसांत लिहिलेलं सगळं पुसलं जातं. मोठ्या शहरात त्यासाठी खास दिवा असतो. आमच्याकडे एप्रिलचं ऊन होतं, ते दिव्यापेक्षा स्वस्त. केंद्राच्या वर पत्रे, म्हणून उस्ताद आमच्या घरी आले आणि आठ चिपा आमच्या धाब्यावर मांडून गेले, मायच्या कुरडयांच्या शेजारी, एका ताटात.

मायने त्या दहा दिवस सांभाळल्या. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळी उमर तलमडुगु गावाकडे दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण आणि कापूस वेचण्यात गेली, पण वाळवणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कावळा आला की काठी, संध्याकाळ झाली की ताट आत.

“हे काय होय व?” तिने मला विचारलं.

“मशीनचं असते. ऊन दाखवा लागते,” मी म्हटलं. घाईत होते. एवढंच म्हटलं.

माझी चूक ही इथली. मायच्या हिशोबाने ऊन कशाला दाखवतात? डाळीला कीड लागू नये म्हणून, गोधडीला वास येऊ नये म्हणून. ऊन दाखवलं की वस्तू चांगली होते, टिकते. ऊन दाखवलं की वस्तू कोरी होते, हे तिला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं.

आता वहिनीचं सांगते, कारण हे सगळं वहिनीसाठी होतं. दादा, माझा थोरला भाऊ, एका सरकारी दफ्तरात कारकून होता. अक्षर असं की साहेब लोक मुद्दाम त्याच्याकडून मिसली, म्हणजे फायलींतले कागद, लिहून घ्यायचे. तो कावीळ होऊन गेला तेव्हा वहिनीला त्याच दफ्तरात नोकरी मिळाली, पण शिपायाची. ज्या टेबलावर दादा बसायचा त्या टेबलावर ती पाण्याचा ग्लास ठेवायची. तक्रार केली नाही कधी. बारावी झालेली बाई, दिवसभर फायली उचलून इकडून तिकडे. मग कारकुनाची एक जागा निघाली. साहेबांनी सांगितलं, कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट जून संपायच्या आत आणा, तुमचं नाव पाठवतो. नाही आणलं तर दुसऱ्या एकाचं जाईल. दुसरा तयारच होता.

तर वहिनी माझ्या वर्गात आली. घरी मला “ताई” म्हणणारी बाई केंद्राचा जिना चढली की “मॅडम” म्हणायची, आणि हसू दाबायची. सहा महिने शिकली. करंटचा भरवसा नाही म्हणून मी पोरांना दर परिच्छेदाला सेव्ह करायला सांगायची, ती दर ओळीला करायची. मे महिन्याच्या शेवटी हैदराबादचे परीक्षक येणार होते, आमच्याच खोलीत प्रॅक्टिकल घ्यायला. मशीन चालू नसल्या तर परीक्षा रद्द, आणि पुढची परीक्षा थेट डिसेंबरात. डिसेंबरात वहिनीला त्या सर्टिफिकेटचं काय लोणचं घालायचं होतं?

उस्ताद कोऱ्या चिपा घेऊन नांदेडला गेले. चिपेवर लिहायचं यंत्र त्यांच्या तिथल्या दोस्ताकडे होतं. नवा लोडर लिहून आणला. प्रत्येक खिडकीवर कागदाची चिकटी लावली, ऊन जाऊ नये म्हणून. केंद्रात तेव्हा चुना मारणं चालू होतं, म्हणून मशीन झाकून ठेवलेल्या आणि चिपांचा डबा माझ्याकडे. तो मी मायच्या हातात दिला.

“माय, जपून ठेव. वहिनीची परीक्षा याच्यावर हाये.”

“ठेवतो ना व,” माय म्हणाली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि उस्ताद चिपा बसवायला बसलो. डबा उघडला. आठही चिपा लख्ख. एकीवरही चिकटी नाही. खिडक्या अशा चमकत होत्या जशी काही आत्ताच आंघोळ केली. उस्तादांनी एक उचलली, उजेडाकडे धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तरी आठही बसवून पाहिल्या. आठही मशीन मुक्या.

मी घरी धावत गेले. माय दारात शेंगा फोडत बसली होती.

“डब्यातल्या चिपांचे कागद कोणं काढले?”

“मीनंच काढले,” माय आनंदाने म्हणाली. “गम लागला होता ना, मुंग्या लागल्या असत्या. फडक्यानं पुसून घेतला अन् रोज ऊन दाखवून राह्यली. आठ-नऊ दिस झाले. पोरीची परीक्षा हाये म्हणलं, चांगल्या कडकडीत असू दे.”

आणि मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुला कोणी सांगितलं होतं, कळत नाही तर हात कशाला लावते, वहिनीच्या ताटात माती कालवलीस, हे तर बोललेच. शेवटी म्हटलं, “दादा असता तर त्यालाही असंच...” आणि तिथे थांबले, कारण पुढे वाक्यच नव्हतं. मायच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या. तिने त्या उचलल्या नाहीत.

मागून उस्ताद सायकल ढकलत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

“अम्मा पे कायकू चिल्लाते बेटा?” ते म्हणाले. “मैं बोला धूप दिखाओ, अम्मा दिखाए. मेरी गलती.” मग मायकडे वळून म्हणाले, “अम्मा, इतना साफ तो मेरे से भी नहीं होता था.”

नांदेडला जाऊन यायला दीड दिवस. परीक्षा सकाळी दहाला. उस्ताद ओट्यावर बसले, डोक्याला हात. म्हणाले, एक ड्राइव्ह दुकानात आहे, पण बूट करायची फ्लॉपी कुठे आहे? मी तर सगळ्या पुसून वाटल्या होत्या, आणि त्या लोडरची दुसरी प्रत कुठेच नव्हती. घरचा माणूस गेला आणि मेहमानालाही मीच घालवून दिलं होतं.

“काय पाहिजे त्याले?” मायने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, उस्तादांकडे.

“फ्लॉपी, अम्मा. काली चौकोनी रहती ना, वो.”

माय उठली. आत गेली. तिच्या ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात दादाच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते उस्तादांच्या हातात दिलं.

फ्लॉपी होती. मी केंद्रात लागले त्या पहिल्या आठवड्यात आठ फ्लॉप्यांची लेबलं दादाने लिहून दिली होती, बोरूसारख्या जाड पेनाने. ही आठवी. लेबलावर लिहिलेलं: “मशीन आठ. सुरुवात इथून.” मी त्या पुसण्याआधी एकदा घरी आणल्या होत्या, तेव्हा मायने ढिगातून एक उचलली होती, एवढंच मला अंधूक आठवलं. ग्लासावर झाकायला घेतली असेल असं तेव्हा वाटलं होतं.

“त्याचं अक्षर हाये ना,” माय म्हणाली. “मले वाचता नाही येत. पण त्याचं हाये ते वळखू येते.”

उस्ताद डोळे पुसत ड्राइव्ह आणायला गेले. मला माफी मागायची होती. ती तिथेच अडकली आणि मी शेंगा वेचत बसले.

फ्लॉपी चालली. देवाशपथ चालली. जुनी फ्लॉपी ट्रंकेत ठेवून इतक्या महिन्यांनी वाचता येते यावर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नसता. ज्या फ्लॉपीची बाजू घेऊन मी दोन वर्षं भांडले तिने ऐनवेळी माझी लाज राखली, पण मिरवायला तोंड कुठे होतं?

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला आम्ही केंद्रात. आठही मशीनची झाकणं उघडी, एकच ड्राइव्ह, एकच फ्लॉपी. उस्ताद ड्राइव्हची पट्टी एका मशीनला जोडणार, मी फ्लॉपी घालणार, कुरकुर, तीन मिनिटं, मशीन उठली की पट्टी काढून पुढच्या मशीनला. साडेआठच्या आत आठही चालू. परीक्षक आले, तेलुगू बोलणारे, शांत गृहस्थ. उघडी झाकणं बघून भुवया वर गेल्या, पण त्यांनी यादी काढली. यादीत वहिनीचं नाव शेवटी, म्हणून तिला आठ नंबरची मशीन. मायच्या पराक्रमाचं आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. आधीच रात्री तिला जेवण गेलं नव्हतं.

दहाला सुरुवात झाली. एक अर्ज, एक तक्ता, दोन्ही छापून द्यायचे. दहा-चाळीसला करंट गेला.

सर्व्हर बॅटरीवर तगला, त्या दिवशी त्याने शहाणपण केलं. पण आठही मशीन मेल्या. खोलीत उकाडा, पोरांची कुजबुज. मी वहिनीकडे बघितलं तर तिची बोटं मेलेल्या कीबोर्डवर चालत होती, अर्ज पुढे टाइप करत होती, अंधारलेल्या पडद्याकडे बघत. हात थंड पडू नये म्हणून.

करंट आला अकराला. परीक्षक म्हणाले, सगळ्यांना पंधरा मिनिटं जास्त, सव्वाबाराला बंद. मी मनात हिशोब केला. एकेक मशीन तीन मिनिटं. शेवटच्या मशीनची पाळी येईस्तोवर सव्वाअकरा सहज वाजून जाणार, तेही काही अडलं नाही तर. मी फ्लॉपी घेतली आणि सरळ आठ नंबरकडे गेले. उस्तादही ड्राइव्ह घेऊन माझ्या मागे. आम्हा दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच.

वहिनीने मला जवळ येऊ दिलं आणि हळूच म्हणाली, “ताई, नोका. एकापासून घ्या. उद्या म्हणतील, नणंद मॅडम होती म्हणून पास झाली. मग त्या खुर्चीवर मी कोणत्या तोंडानं बसू?”

केंद्रात तिने मला ताई म्हटलं ते एवढंच एकदा. मी एक नंबरकडे गेले.

एक, दोन, तीन. चौथ्या मशीनला फ्लॉपीने आढेवेढे घेतले, दोनदा घालावी लागली. आठ नंबरला पोचलो तेव्हा अकरा अठ्ठावीस. वहिनी म्हणाली, “द्या, मी घालतो.” आणि हात पुढे केला. तेव्हा तिने लेबल पाहिलं.

तिने ते किती वेळ पाहिलं असेल? तीन सेकंद? मला तर वाटलं की बाई आता रडणार आणि सव्वाबारा इथेच वाजणार. अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरला. मग तिने फ्लॉपी आत सरकवली, खट्ट. मशीन उठली. अर्ज करंट गेला होता त्याच ओळीवर उभा होता, कारण तिने ती ओळही सेव्ह केली होती. बारा वाजून तेरा मिनिटांनी तिचा तक्ता प्रिंटरमधून करकरत बाहेर आला. परीक्षकांनी तो हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि तेलुगूत म्हणाले, “बागुंदी.” छान आहे.

निकाल जूनच्या मध्यात लागला आणि नाव वेळेत गेलं. दादाच्या टेबलावर वहिनी बसायला लागली तेव्हा पाऊस संपत आला होता. पहिल्या दिवशी पाणी प्यायला ती स्वतः उठली म्हणे, सवयीने, आणि सगळं दफ्तर हसलं.

पण मला आठवते ती परीक्षेच्या दिवसाची दुपार. वहिनी घरी येऊन मायच्या पाया पडली. ट्रंकेची गोष्ट तिला उस्तादांनी वाटेतच सांगितली होती. चिपांची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मी सांगायच्या बेतात होते तर त्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प बसले. ते चहा पिऊन गेले. वहिनी आत जाऊन झोपली.

मायने माझ्यापुढे हात पसरला. “झालं ना काम? दे माझं.”

मी फ्लॉपी दिली. तिने ती रुमालात गुंडाळली, ट्रंकेपर्यंत गेली आणि कुलपाला हात लावून थांबली. मागे वळून, भीत भीत, एखाद्या लहान पोरीने मास्तरणीला विचारावं तसं तिने मला विचारलं,

“याले ऊन नाही ना दाखवायचं?”

“नाही माय,” मी म्हटलं, आणि तिच्या गळ्यात पडून काल अडकलेलं सगळं रडले.